बाकं कोण उचलणार?

‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहावं, असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवलं आहे. शाळेने दिलेल्या गोष्टींमध्ये एक अशी असते जी अभ्यासक्रमात नसते आणि प्रगतिपुस्तकावरही येत नाही: मुलगा म्हणजे कसा आणि मुलगी म्हणजे कशी, याची रोजची शिकवणी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी याच विषयावर काम करतो. म्हणून आठवणी बाजूला ठेवून, आपल्या शाळेतल्या आजच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असं काही लिहितो.

ही शिकवणी भाषणातून होत नाही. कार्यक्रम असतो. सर दारातून हाक देतात, “चार मुलगे या रे, बाकं उचला,” आणि बाई म्हणतात, “दोघीतिघी या गं, पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या राहा.” कोणाच्याच मनात वावगं काही नसतं. पण सहावी-सातवीचा वर्ग नीट पाहा. वाढीचा जोर मुलींमध्ये साधारण दोन वर्षं आधी येतो, त्यामुळे या वयात कितीतरी मुली शेजारच्या मुलग्यांपेक्षा उंच असतात. लांब बाक उचलायला दोन्ही टोकांना साधारण सारख्या उंचीची माणसं असली तर बरं, नाहीतर बाक कलतो आणि नेणं अवघड होतं. म्हणजे कामाच्या दृष्टीनेसुद्धा ‘चार मुलगे’ ही निवड चुकीचीच. तरी ती होते, दहा वर्षं होते, आणि दहावीतून बाहेर पडताना मुलीला खरंच वाटतं की जड उचलणं आपल्याला झेपत नाही. मुलग्याला वाटतं, न झेपणं आपल्याला परवडणारं नाही.

तसंच हजेरीपटाचं. आधी मुलगे, मग मुली, किंवा उलट. रांगा वेगळ्या, बाकं वेगळी. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन या अमेरिकी संशोधकांनी बालवाडीच्या वर्गांत एक प्रयोग केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांत शिक्षकांनी मुलगे आणि मुली अशा वेगळ्या रांगा लावल्या, फलक वेगळे केले, हाक मारतानाही तेच शब्द वापरले. बाकीच्या वर्गांत हे टाळलं. दोनच आठवड्यांत पहिल्या वर्गांतल्या मुलांचे ‘हे मुलींचं, हे मुलग्यांचं’ असे समज पक्के झाले आणि एकमेकांशी खेळणं कमी झालं. दोन आठवड्यांत इतकं होतं, तर दहा वर्षांत काय होत असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आपल्या भाषेचा भाग आणखी बारीक आहे. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांतलं एक निवडल्याशिवाय मुलाला स्वतःबद्दलची कितीतरी साधी वाक्यं पुरी करता येत नाहीत. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा की मुलगी म्हणायला शिकतं, तेव्हाच क्रियापदाचं हे शेपूटही शिकतं, आणि चुकलं की घरातले हसून दुरुस्त करतात. भाषा बदला असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारताना भान ठेवता येतं. ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ हा उपक्रम घ्या. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांची चित्रं होती. त्यांपैकी फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ स्त्री होती, आणि ती २८ही मुलींनी काढलेली. मराठीत आपण ‘शास्त्रज्ञ काय करतो ते दाखवा’ असं सांगितलं की अर्धं उत्तर आपणच देऊन टाकतो. त्याऐवजी ‘संशोधन करणाऱ्या व्यक्तीचं चित्र काढा’ म्हणावं. ‘करणाऱ्या’ हे रूप दोन्हींकडे सारखंच चालतं. गणितातल्या शाब्दिक उदाहरणांनाही हाच नियम लावावा: दुकानाचा हिशोब कोण करतं आणि घरी भाजी कोण निवडतं, एवढं तपासलं तरी पुष्कळ.

कौतुकाचे शब्द तर कान देऊन ऐकण्यासारखे. ‘हुशार आहे, पण उनाड’ हे मुलग्याबद्दल, ‘अभ्यासू आहे, व्यवस्थित आहे’ हे मुलीबद्दल. कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांच्या १९७८ च्या वर्गनिरीक्षणात मुलग्यांना मिळणारी बोलणी बहुतेक वागणूक आणि टापटीप यांवरून होती, मुलींना मिळणारी मात्र मुख्यतः उत्तराच्या दर्जावरून. परिणाम सरळ आहे. गणित चुकलं की मुलगा म्हणतो, ‘लक्ष नव्हतं’. मुलगी म्हणते, ‘मला जमत नाही’. लिन बियान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ५ वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारखीच कुणीतरी निवडतात, पण ६-७ वर्षांच्या मुलींमध्ये हे कमी होतं. चांगले गुण कोणाला मिळतात, असं विचारलं तर त्याच मुली मुलींचंच नाव घेतात. म्हणजे गुण मेहनतीच्या खात्यात जातात. हे पहिलीच्या वर्गात घडतं. किशोरवयात समुपदेशन करू, म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात घ्यावं.

मुलग्यांचं नुकसान मोजायला कुणी जात नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. जॉन आणि सॅन्ड्रा कॉन्ड्री यांनी १९७६ च्या प्रयोगात २०४ जणांना एका तान्ह्या बाळाची एकच चित्रफीत दाखवली. डबीतून उसळून वर येणाऱ्या बाहुलीने बाळ दचकून रडतं. ज्यांना ‘हा मुलगा आहे’ असं सांगितलं होतं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ‘ही मुलगी आहे’ सांगितलेल्यांना भीती. आपण मुलाच्या भावनेला जे नाव देतो तेच ते शिकतं. मुलग्याच्या वाट्याला रागाचा शब्द येतो, भीती आणि दुःख यांचे शब्द येतच नाहीत. मारामारीनंतर “का चिडलास?” असं विचारू नका. “काय झालं, कसं वाटलं?” विचारा आणि गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो.

आता शिक्षकांसाठी प्रत्यक्ष पद्धत. एका कागदावर वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढा, प्रत्येक मुलासाठी एक चौकट. सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. नाव घेऊन प्रश्न विचारला तर ‘प्र’, हात वर असून विचारलं नाही तर ‘ह’, हात न करता ओरडून दिलेलं उत्तर स्वीकारलं तर ‘ओ’, शाबासकीला ‘शा’ आणि नेमका शब्द. सलग तीन तास असं करा आणि पहिल्या तासाचा कागद बाजूला ठेवा, कारण त्या तासाला शिक्षक सावध असतात. मोजताना दरडोई मोजा. २४ मुलगे आणि १६ मुलींच्या वर्गात मुलग्यांच्या ३० खुणा आणि मुलींच्या २० दिसल्या तर पक्षपात वाटतो, पण दोन्हीकडे सरासरी १.२५ च येते. मग नकाशाकडे बघा. बहुधा मुलग्यांच्या खुणा तीन-चार चौकटींतच दाटलेल्या सापडतात. गप्प बसणारा मुलगा त्यात कुठेच नसतो, आणि ‘मुलग्यांना भरपूर संधी मिळते’ या समजुतीमुळे त्याच्याकडे पुन्हा कुणाचं लक्षही जात नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. हे बिघडतं ते दुसऱ्या सेकंदाला: शांतता सहन न होऊन शिक्षक तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, आणि विचार करत असलेलं मूल पुन्हा शून्यावर येतं. मनात सावकाश तीन आकडे मोजा, तोंड बंद ठेवा.

कामांची यादी हजेरी क्रमांकाने लावा, हजेरीपट सगळ्यांचा मिळून एकच अकारविल्हे. बाकं, झाडणं, फळा, स्वागत, ध्वनिक्षेपक, सगळं त्याच क्रमाने, दर आठवड्याला पाळी पुढे. पहिल्या आठवड्यात दोन अडचणी हमखास येतात. एक, मुलं आपसात पाळ्या बदलून घेतात आणि झाडू गुपचूप मुलींकडे परत जातो. म्हणून पहिला महिना अदलाबदल बंद. दुसरी, झाडणाऱ्या मुलग्याला ‘बायल्या’ म्हणतात. बाक उचलणाऱ्या मुलीला कुणी फार चिडवत नाही, कारण तिचं ‘वर चढणं’ खपतं, त्याचं ‘खाली उतरणं’ खपत नाही. चिडवणाऱ्याला नुसतं दटावून हे थांबत नाही. त्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी, विशेषतः सरांनी, स्वतः झाडू हातात घेऊन त्या मुलाशेजारी वर्ग झाडावा, आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नये.