चंद्रासारखा दिसणारा, पण चंद्रासारखा नसलेला बुध

बुधाची छायाचित्रे दाखवली की बहुतेक जण ‘अहो, हा तर आपला चंद्रच’ असे म्हणतात, आणि केवळ पृष्ठभागापुरते पाहिले तर त्यात फारसे चुकत नाही. तीच करडी जमीन, तीच विवरांची दाटी. कालिदास, वाल्मीकी आणि व्यास यांची नावेही तिथल्या विवरांना दिलेली आहेत. परंतु हे साम्य कातडीपुरतेच आहे, आणि त्यापायी सूर्याच्या सर्वांत जवळचा हा ग्रह ‘उन्हाने भाजलेला दगड’ म्हणून बाजूला पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बुधाचा व्यास सुमारे ४,८८० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या दीडपटीहूनही कमी. घनता मात्र दर घनसेंटिमीटरला ५.४ ग्रॅम, जवळजवळ पृथ्वीइतकी. चंद्राची ती ३.३ आहे. त्यातही पृथ्वीचे अंतरंग स्वतःच्या प्रचंड वजनाखाली दाबले गेलेले असल्यामुळे तिची घनता वाढलेली दिसते. तो दाब हिशेबातून वगळला, तर सूर्यमालेतला सर्वांत घन ग्रह बुधच ठरतो. याचे कारण एकच असू शकते: त्याच्या पोटात लोखंडाचा अवाढव्य गाभा आहे. या गाभ्याची त्रिज्या सुमारे २,००० किलोमीटर असून त्याच्यावर खडकाचा थर जेमतेम ४०० किलोमीटर जाडीचा आहे. बाठा मोठा आणि गर नावापुरता असलेला रायवळ आंबा जसा असतो, तशीच ही रचना आहे.

असा ग्रह घडला कसा, हा मला बुधाविषयीचा सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. मूळचा बुध बराच मोठा होता आणि एका महाटकरीत त्याचा खडकाळ भाग उडून गेला, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जात होते. बालसूर्याच्या उष्णतेने वरचा खडक वाफ होऊन गेला, असाही एक विचार होता. पण २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या ‘मेसेंजर’ यानाला पृष्ठभागावर गंधक आणि पोटॅशियम अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळले. तापवले की सहज उडून जाणारी ही मूलद्रव्ये अशा भट्टीतून गेलेल्या ग्रहावर टिकून राहावीत, हे पटणे कठीण आहे. टकरीची कल्पना अजून पूर्णपणे बाद झालेली नाही, तरी ती आता पूर्वीच्या साध्या स्वरूपात मांडता येत नाही. युरोप आणि जपान यांचे ‘बेपीकोलंबो’ हे संयुक्त यान २०१८ मध्ये निघाले असून नोव्हेंबर २०२६ मध्ये ते बुधाच्या कक्षेत शिरावे असे नियोजन आहे. माझे सारे लक्ष त्याच्याकडे लागलेले आहे.

एवढासा ग्रह आतून केव्हाच थिजून गेला असेल, असे पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात गाभ्याचा बाहेरचा भाग अजूनही वितळलेला आहे, आणि त्यामुळेच बुधाला पृथ्वीच्या सुमारे एक टक्का तीव्रतेचे का होईना, पण स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. गाभा हळूहळू निवत आहे, आणि निवताना ग्रह आक्रसतो. त्याची त्रिज्या आतापर्यंत काही किलोमीटरने घटली आहे. वरचे कवच तडकून एक भाग दुसऱ्यावर चढल्यामुळे तिथे शेकडो किलोमीटर लांबीचे उंच कडे उभे राहिले आहेत.

तापमानाबद्दल बहुतेकांनी ऐकलेले असते: दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत, रात्री उणे १८० पर्यंत. उष्णता धरून ठेवणारे वातावरण नाही आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरचे १७६ दिवस लोटतात, म्हणजेच बुधाची दोन वर्षे. तरीही या ग्रहावर पाण्याचे बर्फ आहे! त्याचा अक्ष जवळजवळ सरळ असल्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही. तिथून रडारचे लख्ख प्रतिध्वनी येतात, हे १९९१ मध्येच लक्षात आले होते. पुढे ‘मेसेंजर’च्या मोजमापांनी बर्फाच्या निष्कर्षाला भक्कम आधार दिला.

बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही, त्यामुळे तो क्षितिजालगतच शोधावा लागतो. ठाणे शहरात पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे येतात. वाशी-ऐरोलीच्या काठावरून मात्र त्या दिशेला खाडीचे मोकळे पाणी लाभते. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान तो संध्याकाळी दिसणार असेल, तेव्हा सूर्य मावळल्यावर साधारण अर्ध्या तासाने मावळतीच्या तांबूस पट्ट्याच्या जरा वर पाहावे. सूर्य पूर्ण बुडण्यापूर्वी द्विनेत्री डोळ्यांना लावू नये, हे मुलांना अवश्य बजावावे. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बुध सूर्यबिंबावरून सरकताना आपल्याकडून दिसणार आहे. त्यासाठी सौरगाळणी बसवलेली दुर्बीण लागेल, कारण तो काळा ठिपका नुसत्या ग्रहणचष्म्याने दिसण्याइतका मोठा नसतो.