फ्रायबुर्गमधलं ओ-पेअरचं वर्ष आणि घरातली दोन मांजरं

जर्मनीत ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, निघालेल्या मुली सगळी चौकशी करतात ती मुलांची. किती आहेत, केवढी आहेत, रात्री उठतात का. माझ्या होस्ट फॅमिलीत मुलं दोन आणि मांजरंही दोन होती. मुलांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं, मांजरांचं सगळ्यांच्या डोक्यात. त्यामुळे पहिले काही आठवडे माझी दमछाक झाली ती मांजरांपायी.

घर फ्रायबुर्गच्या कडेला, मागे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर. मिंका म्हातारी, करडी, थंडीत हीटर सोडायची नाही. कार्लो तरुण बोका, अर्धा दिवस बाहेर. मागच्या दाराला त्याच्यासाठी, कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप ओळखणारी झडप होती. कार्लो आला की खट् करून उघडायची. शेजारचा बोका मात्र तिच्यावर डोकं आपटून, वर आमच्याकडेच रागाने बघून परत जायचा.

आधी व्यवहाराचं. ओ-पेअरचं काम आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास, हातखर्च महिन्याला 280 युरो. मुलं सांभाळणं, हलकं घरकाम आणि घरातल्या प्राण्यांकडे बघणं हे सगळं त्या तासांतच धरायचं असतं. ‘मांजरांचं काही करावं लागत नाही’ असं व्हिडिओ कॉलवर कुणी म्हणालं तर गोड बोलून विचारून घ्या: लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, कोण साफ करतं? तुम्ही सुट्टीला गेलात तर मांजरांपाशी कोण थांबणार? दवाखान्याचं बिल कोण भरणार? आणि आपल्याला मांजराची ॲलर्जी आहे की नाही, हे मांजर पाळणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे दोन-तीनदा तासभर बसून इथेच बघून घ्या. तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही.

रोजचं काम अवघड नाही. सकाळ-संध्याकाळ ओलं खाणं, मधे मोजून कोरडं. घरात कायम मांस-मासे न आणणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी, कारण सशाच्या मांसाचा डबा सकाळी सात वाजता उघडला की वास थेट डोक्यात जातो. लिटर रोज चाळायचं. गोळे पिशवीत बांधून ‘रेस्टम्युल’च्या, म्हणजे उरलेल्या इतर कचऱ्याच्या डब्यात. ओल्या कचऱ्यात नाही आणि टॉयलेटमध्ये तर मुळीच नाही, पाइप तुंबतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खाणं आणि लिटर शनिवारीच बघून ठेवा. आणि आपल्याकडच्यासारखी दूध-पोळी कालवून पुढे ठेवू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि नंतरची साफसफाई तुमच्याकडेच येते.

आता जरा घाबरवते. आपल्या स्वयंपाकातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. शिजवलेला, तळलेला, मसाल्यातली पूड, सगळंच. रस्सा झाल्यावर कढई ओट्यावर उघडी ठेवून फोनवर आईशी गप्पा मारायची सवय मी पहिल्याच आठवड्यात सोडली, कारण कार्लो ओट्यावर चढायला आपली पाठ फिरण्याचीच वाट बघायचा. दुसरं म्हणजे भारतातून नेलेल्या गोळ्या. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतू शकतं, एक गोळीसुद्धा. पर्स जमिनीवर ठेवू नका. तिसरं, वाढदिवसाला होस्ट मदरसाठी फुलं न्याल तर त्यात लिली नको. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते.

खिडकीचं तर मला कुणी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. जर्मन खिडकी दोन प्रकारे उघडते: दारासारखी सताड, किंवा वरच्या बाजूने तिरकी आत. हवा खेळावी म्हणून लोक ती तासन् तास तिरकी ठेवतात. मांजर वरून बाहेर उडी मारू बघतं, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत घसरतं आणि पोटाशी अडकतं. धडपड केली की आणखी खाली. मागच्या पायांचा रक्तपुरवठा तुटतो. बाजूला लावायच्या जाळ्या मिळतात. आमच्याकडे फक्त बैठकीच्या खोलीत होत्या, म्हणून बाकी ठिकाणी नियम एकच: खिडकी तिरकी असेल तर खोलीचं दार बंद.

बाहेर हिंडणारा बोका उन्हाळ्यात गोचिड्या आणतो. रोज मान, कानामागे, काखेत बोटं फिरवायची आणि गोचिडीच्या हुकाने फिरवून काढायची. कुत्र्यासाठीचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला विष आहे. हा भाग गोचिडीमुळे माणसांना होणाऱ्या मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतो, त्याची लस आपणही घ्यावी. आणि मांजर चावलं तर? आपल्याला पहिली आठवण रेबीजची. जर्मनी 2008 पासून वटवाघळांचा रेबीज सोडला तर त्यातून मुक्त आहे. पण मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, जखम आतून पटकन चिघळते. धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. इन्शुरन्स होस्ट फॅमिलीने काढलेलाच असतो.

घरचे समुद्रावर गेले तेव्हा मांजरं आणि मी असे तिघंच उरलो. ते जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: दवाखान्याचा पत्ता, चिपचा 15 आकडी नंबर, नेहमीची औषधं, आणि ‘हिला उपचारांची परवानगी आहे, खर्च आम्ही देऊ’ असं सहीनिशी. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी गेलं तर 50 युरो वेगळे लागतात आणि उपचारांचा दर किमान दुप्पट होतो. तेव्हा कितीपर्यंतचा खर्च न विचारता करायचा, तोही आकडा त्यात हवा. मांजर हरवलं तर चिप ‘टासो’कडे, म्हणजे पाळीव प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदवलेली आहे ना, हेही विचारा. नोंदणी फुकट असते.

31 डिसेंबरला अंधार पडायच्या आत दोघांना घरात घ्या आणि झडपेला कुलूप लावा. वर्षभर शिस्तीत राहणारे लोक त्या रात्री जे फटाके उडवतात, त्यापुढे आपली दिवाळी शांत वाटते.

रोज एक फोटो पाठवत जा, घरच्यांना बरं वाटतं. मात्र ‘मिंका दिसत नाहीये’ असा मेसेज रात्री अकराला टाकण्याआधी कपाटं, पलंगाखालचे खण आणि कपडे वाळवायच्या मशीनचा ड्रम बघून घ्या. तो ड्रम तर सुरू करण्याआधी दर वेळी बघायचा.