उधाण खोडताना

विज्ञानकथा कोकणातल्या खाडीकाठी घडत असेल, तर तिचा कच्चा खर्डा तपासताना शेजारी पंचांग ठेवावं. समजा, कथेत एका रात्री चंद्र नाहीसा होतो. पहिल्या खर्ड्यात हमखास वाक्य येतं: ‘समुद्र थांबला.’ वाक्य झकास, पण चुकीचं. भरतीत सूर्याचाही वाटा असतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. चंद्र गेला तरी पाणी चढणार-उतरणार, फक्त बेताचं.

मग ‘थांबला’ खोडून ‘मंदावला’ लिहिलं की झालं, असं वाटतं. तिथेच फसगत होते. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. चंद्राविना हा हिशेबच बुडाला. सूर्याची भरती रोज ठरल्या वेळी, बारा-बारा तासांनी, कारकुनासारखी हजर. (कारकून इतके वक्तशीर असतात, ही वेगळ्या विज्ञानकथेची कल्पना.) अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नाही, अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात बेताची भरती, नाही. मुळात तिथीच नाही, कारण चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते.

एका क्रियापदापायी समुद्राच्या मरणाची कथा पंचांगाच्या मरणाची झाली. उधाणाच्या खोल ओहोटीत उघडे पडणारे खडक आता पाण्याखालीच राहतात आणि कालवं काढणारी बाई रिकामी टोपली घेऊन परतते. खाजणाच्या वरच्या कडेला फक्त उधाणाचंच पाणी पोचायचं. तिथल्या तिवरांखालची माती उन्हाळ्यात तडकते. वेधशाळेतल्या नायकाला तिसऱ्या पानानंतर काम उरत नाही. त्याला काढावं. कथा टोपलीवालीची आहे.

आणखी एक शब्द जपावा. ‘नाहीसा’च्या जागी ‘दिसेनासा’ पडला, तर भरती-ओहोटी जशीच्या तशी चालू राहते आणि कथा आभाळाची किंवा डोळ्यांची होते. चंद्राचे तुकडे केले आणि ते जवळजवळच फिरत राहिले, तरीही पाण्याला फरक कळत नाही. ओढ वस्तुमानाची, गोल चेहऱ्याची नव्हे.

म्हणून पहिल्या फेरीत भाषेला हात लावू नये. वेळ, अंतर, वजन जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करावी. कथेतल्या प्रत्येक दिवसाची भरतीची वेळ वेगळ्या कागदावर मांडावी, मग वाक्यं बदलावीत. शीर्षक सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही काहीतरी निसटतंच. नवव्या पानावर एखादी आजी संकष्टीचा उपास सोडायला चंद्रोदयाची वाट बघत ओट्यावर बसलेली सापडते. लाल पेन उचलण्याआधी जरा थांबावं. चंद्र जाऊन महिना झाला आहे, हे तिला ठाऊक असेल, तर कथा त्या ओट्यावरच संपवता येते.