‘बरोबर का वाटलं?’ : माझी इंग्रजीच्या चुकांची वही

सहामाहीचा इंग्रजीचा पेपर हातात आला तेव्हा निबंध आणि पत्राचे गुण बघून मला बरं वाटलं होतं. पुढचं पान उलटलं आणि कळलं की गुण कुठे गेले. व्याकरणात २० पैकी ८, उताऱ्यावरच्या प्रश्नांत २० पैकी ९. अभ्यास केला नव्हता म्हणून असं झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण व्याकरणाचं सरावपुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा सोडवलं होतं. नियम तोंडपाठ होते. कोणी विचारलं असतं तर ‘सिन्स’ आणि ‘फॉर’मधला फरक मी झोपेतसुद्धा सांगितला असता, आणि पेपरात मात्र ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहून आले होते.

बाईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं, आणखी एखादं सरावपुस्तक सांगतील. त्या म्हणाल्या, “चुकलेली वाक्यं दुरुस्त करून आणू नकोस. ती लिहिताना तुला बरोबर का वाटली होती, ते लिहून आण.”

त्या संध्याकाळी मी वहीत तीन रकाने पाडले. मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि मला ते बरोबर का वाटलं. पहिले दोन दहा मिनिटांत भरले. तिसऱ्यात सगळीकडे ‘लक्ष नव्हतं’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते सगळं शांतपणे खोडलं. “लक्ष नसतं तर एकच चूक पाच वेळा सारखी कशी झाली असती?” त्यांच्या या प्रश्नापासून माझा खरा अभ्यास सुरू झाला असं मी मानते.

‘सिन्स’चंच घ्या. मी लिहिलं होतं, ‘आय नो हर सिन्स फाइव्ह इयर्स.’ हेच वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हटलं: मी तिला पाच वर्षांपासून ओळखते. ‘पासून’ आहे म्हणून ‘सिन्स’ आलं, ‘ओळखते’ आहे म्हणून ‘नो’ आलं. म्हणजे वाक्य मराठीच्या हिशेबाने अगदी चोख होतं. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच दिवसांपासून’ दोन्हीला एकच ‘पासून’ चालतो. इंग्रजी मात्र विचारते, सुरुवात कधी झाली ते सांगतेस की किती काळ लोटला ते? सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. आणि तेव्हा सुरू झालेली गोष्ट अजून चालू आहे, हे क्रियापदानेही सांगायचं असतं: ‘आय हॅव नोन हर फॉर फाइव्ह इयर्स.’ नियम मला आधीपासून येत होता. तो कुठे घसरतो, हे तिसऱ्या रकान्याने दाखवलं.

मग एकेक चूक उलगडत गेली. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम’ मधला ‘बट’ कुठून आला? ‘जरी’च्या पाठोपाठ येणाऱ्या ‘तरी’मधून. इंग्रजीला दोघांपैकी एकच लागतो. ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ मधला ‘अबाउट’ आला ‘प्रश्नाविषयी चर्चा केली’ मधून. ‘मॅरिड विथ’ आला ‘तिच्याशी लग्न केलं’ मधल्या ‘शी’मधून, तिथे ‘टु’ हवा. ‘डू यू नो व्हेअर इज ही?’ हे तर मला अजूनही कानाला गोड लागतं, कारण ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे, तुला माहीत आहे का?’ यात मराठी शब्दांची जागा बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम सरळ होतो: ‘व्हेअर ही इज.’

‘इफ’च्या वाक्यांनी मला सर्वात जास्त रडवलं. ‘इफ ही विल कम’ असं मी हटकून लिहायचे. यायचं उद्या आहे, मग ‘विल’ का नको? बाईंनी विचारलं, “तो आला तर मी जाईन, या वाक्यात ‘आला’ म्हणजे तो येऊन गेला का?” नाही. येणं तर अजून व्हायचंच आहे, तरी आपण ‘आला’ म्हणतो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. म्हणजे अटीच्या वाक्यात काळाचं रूप एक आणि प्रत्यक्ष काळ दुसरा, हे मराठीतही चालतंच. इंग्रजी तिथे ‘ही कम्स’ म्हणते. आणि ‘तो आला असता तर मी गेले असते’ यातली हळहळ इंग्रजीत ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन’ अशी उतरते. हे कळल्यावर ‘इफ’च्या तीन प्रकारांचा तक्ता मी पुन्हा पाठ केला नाही, तशी गरजच पडली नाही.

व्हॉइसबद्दल फार सांगत नाही. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारायचा, उत्तर मिळालं तरच पॅसिव्ह होतो. ‘स्लीप’, ‘अराइव्ह’, ‘हॅपन’ यांना उत्तर नसतं. तेवढ्यावर माझं भागलं.

उताऱ्याचं दुखणं वेगळं आहे असं मी धरून चालले होते. व्याकरण नियमांवर, उतारा वाचनावर, दोघांचा संबंध काय? सहामाहीच्या उताऱ्यात घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्यात वाक्य होतं, ‘ही सेल्डम स्पोक टु हिज कस्टमर्स.’ खाली ट्रू ऑर फॉल्समध्ये विधान होतं की त्याला गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला आवडायचं. मी ‘ट्रू’ लिहिलं. तिसऱ्या रकान्यासाठी विचार केला तेव्हा आठवलं, मी ‘सेल्डम’चा अर्थ ‘कधीमधी’ असा लावला होता, आणि वाक्यात ‘नॉट’ दिसला नाही म्हणून वाक्य होकारी धरलं होतं. ‘तो क्वचित बोलायचा’ यात तरी ‘नाही’ कुठे दिसतो?

त्याच वेळी वहीचं आधीचं पान उघडं होतं आणि त्यावर क्वेश्चन टॅगची चूक होती. ‘शी हार्डली एव्हर कम्प्लेन्स’ यापुढे मी लिहिलं होतं, ‘डझन्ट शी?’ बरोबर उत्तर ‘डज शी?’ असं होतं, कारण ‘हार्डली’ आतून नकारी आहे आणि नकारी वाक्याला होकारी शेपूट लागतं. मी दोन्ही पानं शेजारी धरली. व्याकरणातला एक गुण आणि उताऱ्यातला एक गुण, दोन्ही एकाच कारणाने गेले होते. ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘रेअरली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’ ही पाच नावं मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिली. तो दिवस मला चांगला आठवतो. इंग्रजीची मला पहिल्यांदा भीती वाटली नाही.

नंतर असे दुवे मी शोधायलाच लागले. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ घ्या. उतारा वाचताना मी ‘अ’ गिळून टाकायचे, कारण मराठीत आर्टिकल नाही आणि माझ्या डोळ्यांना त्याची सवय नाही. पण ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडी माणसं आली, आणि ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडीच माणसं आली, जवळजवळ कोणी आलंच नाही. आपला एकाक्षरी ‘च’ जे करतो, ते तिथे ‘अ’ नसल्याने होतं. ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’चंही तसंच. लेखकाचा सूर आशेचा आहे की निराशेचा, असा प्रश्न आला की एवढ्याशा ‘अ’वर उत्तर फिरतं.

डायरेक्ट-इनडायरेक्टही असंच उताऱ्यात भेटलं. मराठीत ‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ असं आपण सहज म्हणतो. बोलणारीचं ‘मी’ तसंच राहतं. इंग्रजीत सांगणारा सगळं स्वतःच्या जागेवरून बघतो, म्हणून ‘आय’चं ‘शी’, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’ होतं: ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.’ आता उतारा जर लेखकाने ‘आय’ वापरून लिहिला असेल आणि प्रश्न असेल की लेखक का घाबरला, तर मी उताऱ्यातलं वाक्य उचलून ‘आय वॉज अफ्रेड’ लिहायचे. बाई लाल शाईने विचारायच्या, “कोण घाबरलं, तू?” आधी त्यांचं म्हणणं मला पटायचं नाही. उत्तर देताना मी लेखकाचं बोलणं दुसऱ्या कोणाला तरी सांगते आहे, हे इनडायरेक्ट समजल्यावर पटलं.

आणखी एक गळती होती, ती लहान असली तरी दर उत्तरात व्हायची. ‘व्हाय डिड ही लीव्ह द हाउस?’ याला मी लिहायचे, ‘ही लीव्ह द हाउस बिकॉज...’ प्रश्नातले शब्द तसेच उचलले की असं होतं. भूतकाळ ‘डिड’कडे गेलेला असतो, म्हणून क्रियापद मूळ रूपात असतं. उत्तरात ‘डिड’ गेला की भूतकाळ क्रियापदाला परत द्यायला हवा: ‘ही लेफ्ट.’ दोन आठवडे मी प्रत्येक प्रश्नातल्या ‘डिड’भोवती पेन्सिलने गोल केला. मग गोल न करताही दिसायला लागलं.

वाचनाची पद्धतही बदलावी लागली. आधी मी पहिल्या अवघड शब्दाला थांबायचे, शब्दकोश उघडायचे, तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली ओळ विसरलेली असायची. परीक्षेत शब्दकोश नसतो. म्हणून ठरवलं, पहिलं वाचन कुठेही न थांबता पूर्ण करायचं, मग प्रश्न वाचायचे, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यात बारीक रेघ मारायची. रेघ मारता आली नाही तर ते उत्तर माझ्या मनातलं आहे, उताऱ्यातलं नाही. अनुमानाच्या प्रश्नांत उत्तर सरळ लिहिलेलं नसतं, पण तिथेही ज्या वाक्यावरून अंदाज बांधला त्याखाली रेघ हवीच. ‘इट’, ‘दिस’, ‘दे’ कोणासाठी आले आहेत ते बाण काढून जोडायचे. विधानात ‘ऑल’, ‘ऑलवेज’, ‘ओन्ली’ दिसलं की उताऱ्यात परत जायचं, कारण तिथे बहुधा ‘मोस्ट’ किंवा ‘युज्वली’ असतं.

अवघड शब्दांचा अर्थ मी आजूबाजूच्या वाक्यांवरून पेन्सिलने लिहून ठेवायचे आणि सगळं सोडवून झाल्यावर शब्दकोशात पडताळायचे. अंदाज चुकला तर तोही तिसऱ्या रकान्यात जायचा.

रोजचा वेळ अर्ध्या तासाच्या वर गेला नाही. एक दिवस व्याकरण, एक दिवस उतारा, आणि उताऱ्याला घड्याळ लावलेलं. वहीतल्या चुका मी बरोबर उत्तराचा रकाना झाकून दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी पुन्हा सोडवायचे. चार दिवसांनी तीच चूक परत झाली की फार वाईट वाटायचं. मग कुठेतरी हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. त्याने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून आपण ती किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली मांडलं: विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. विसरणं माझ्या एकटीचा दोष नाही, हे कळल्याने मन हलकं झालं आणि वही उघडणं सोपं गेलं.

वार्षिक परीक्षेत टॅगच्या प्रश्नात ‘रेअरली’ आला. मी पुठ्ठ्यावरची यादी डोळ्यांपुढे आणली आणि होकारी शेपूट लिहिलं. उतारा एका मुलीचा होता, ‘आय’ वापरून लिहिलेला, आणि माझ्या पाचही उत्तरांत ‘शी’ होतं. उताऱ्यात २० पैकी १७ मिळाले, व्याकरणात १५.

व्याकरणातले गेलेले पाचपैकी तीन गुण आर्टिकल्सचे. ‘अ’ की ‘ॲन’ यात आता चूक होत नाही. तिथे अक्षर न बघता उच्चार ऐकायचा असतो, म्हणून ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’. पण ‘द’ कुठे हवा आणि कुठे काहीच नको, हे अजून हातात बसलेलं नाही. वहीत त्यासाठी वेगळी पानं केली आहेत. तिसऱ्या रकान्यात सध्या बहुतेक ठिकाणी एकच वाक्य आहे: ‘मराठीत तिथे काहीच नसतं.’ बाई म्हणतात, “कारण अजून अर्धंच सापडलंय, शोधत राहा.”