रिलिव्हर आला नाही

चोपडा तालुक्यातील केळीच्या पट्ट्यातल्या एका 33/11 केव्ही वीज उपकेंद्रात उपकेंद्र सहाय्यक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हा मी एक रात्रपाळी कोणालाही न कळवता चुकवली. या गोष्टीला आता नऊ वर्षे होत आली. मेमोचा कागद केव्हाच फाइलीत गेला, पण त्या रात्रीच्या लॉगशीटवरची एक खोडलेली ओळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

आमचे काम बाहेरून नुसते बसण्याचे दिसते. दर तासाला प्रत्येक फिडरचे, म्हणजे गावांकडे वीज नेणाऱ्या लाईनचे, अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे आणि वाइंडिंगचे तापमान लिहायचे, ट्रिपिंग झाले, म्हणजे बिघाडाने लाईन आपोआप बंद पडली, की कारण दाखवणारा रिलेचा फ्लॅग पाहून नोंद करायची, लाईनमन आला की त्याला बंद लाईनवर काम करण्याचे परमिट द्यायचे. लोकांना ठाऊक नसते ते एवढेच, की ही खुर्ची क्षणभरही रिकामी ठेवता येत नाही. पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्याने उठायचे नाही. माझी पाळी रात्री 12 ते सकाळी 8 अशी होती, आणि माझ्या आधी दुपारी 4 पासून बसलेले होते आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत.

तो नागपंचमीनंतरचा रविवार होता, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचा. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी सगळी भाऊबंदकी जमली होती. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात, आणि वडील गेल्यानंतरच्या त्या पहिल्या कानबाईला मोठ्या काकांनी माझ्या नावाची मूठ माझ्याच हातून सुपात टाकून घेतली. संध्याकाळच्या एसटीने परतायचे असे मी ठरवून गेलो होतो. मी पिशवी उचलली तेव्हा काका म्हणाले, "आज कानबाई शे, सकाय जाय." आज कानबाई आहे, उद्या सकाळी जा. मी पिशवी खाली ठेवली. गाडी चुकली असे मी पुढे अनेकांना सांगितले. ती चुकली नव्हती, मी ती जाऊ दिली. रजा मागितली असती तर नव्या माणसाला नकारच मिळाला असता, म्हणून मी आधी मागितली नव्हती, आणि आता रात्री फोन करून काय सांगायचे या संकोचाने फोनही केला नाही. कोणीतरी सांभाळून घेईल, एवढाच विचार मी केला. तो कोणीतरी म्हणजे अण्णा, हे मला पुरते माहीत होते.

सोमवारी संध्याकाळी मी उपकेंद्रात पोहोचलो, तेव्हा अण्णाच बसलेले होते. सोळा तासांची ड्युटी करून सकाळी आठला ते घरी गेले होते आणि चारला आपल्या पाळीवर परत आले होते. आमच्याकडे ऑपरेटरच्या दोन जागा रिकाम्या असल्याने सुट्टीच्या दिवशी बदली द्यायलाही माणूस नव्हता. जागा भरायच्या नाहीत आणि सोळा तासांच्या ड्युटीला अडचणीतली सोय म्हणायचे, ही पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. अण्णांनी मला रागावून एक शब्द विचारला नाही. मी लॉगशीट उघडले. 24 च्या, म्हणजे रात्री 12 च्या, रकान्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "रिलिव्हर आला नाही. ड्युटी पुढे चालू." त्यानंतरचे प्रत्येक तासाचे रीडिंग पूर्ण होते. फक्त 3.20 च्या नोंदीत "गावठाण" हा शब्द आडव्या रेघेने खोडून त्यावर "शेती" असे लिहिले होते आणि बाजूला सही केली होती.

अण्णा शाईची नोंद खोडणारे नव्हते, म्हणून मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले ते असे.

रात्री दोनच्या सुमारास पावसात झाडाची फांदी पडून गावातल्या घरांना वीज देणाऱ्या गावठाण फिडरचा जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, तुटला. लाईनमनने परमिट घेतले आणि अण्णांनी ब्रेकर ऑफ केला. वास्तविक ब्रेकरनंतर आयसोलेटरही उघडायचा असतो, म्हणजे मधली फट डोळ्यांना दिसते. पण त्या फिडरच्या आयसोलेटरची एक पाती महिनाभर अडकत होती. रजिस्टरमध्ये ती तक्रार तीनदा लिहिलेली होती आणि तिन्ही वेळा "आउटेज मिळाल्यावर करू" असे उत्तर आले होते. नियमाने परमिट नाकारायला हवे होते. परंतु त्या फिडरवरच्या गावांतही घरोघरी कानबाईचे जागरण चालू होते आणि लाईट कधी येणार हे विचारणारा फोन क्षणभर थांबत नव्हता. फोन करणाऱ्याला वाटते की आपण एकदाच विचारतो आहोत. बसणाऱ्याला तो शेवटी एकच न तुटणारा आवाज होतो. अण्णांनी परमिट दिले आणि पॅनेलवरच्या, ब्रेकर चालू-बंद करण्याच्या टीएनसी स्विचच्या मुठीला "माणसे लाईनवर काम करीत आहेत" अशी लाल पत्र्याची पाटी दोरीने अडकवली.

पुढे तासाभराने शेजारचा शेतीपंपांचा फिडर अर्थ फॉल्टवर, म्हणजे वीज जमिनीत उतरल्याने, ट्रिप झाला. ब्रेकर चालू असला की पॅनेलवर लाल दिवा असतो आणि बंद असला की हिरवा. एरवी एक फिडर ट्रिप झाला की शेजारच्या दोन पॅनेलांत एक लाल आणि एक हिरवा असल्यामुळे नजरच हाताला जागा दाखवते. त्या क्षणी दोन्हीकडे हिरवा होता. अण्णांच्या पोटात दुपारच्या डब्यानंतर चार बिस्किटांपलीकडे काही गेले नव्हते, आणि ते अकरा तासांहून जास्त वेळ जागेवर होते. त्यांनी नोंदीत आधी "गावठाण" लिहिले, ट्रिप झालेला फिडर पुन्हा चालू करायला उठले आणि गावठाणच्याच मुठीला हात घातला.

"पाटी पॅनेलवर वाजली, भाऊ," ते म्हणाले. "पत्र्याचा आवाज झाला म्हणून समजलं. पुठ्ठ्याची असती तर समजलं नसतं."

लाईनमनने जागेवर अर्थिंग केल्याची, म्हणजे लाईन जमिनीशी जोडल्याची, खूण परमिटच्या फॉर्मवर होती, म्हणजे कदाचित काही झालेही नसते. मी स्वतःशी हे पुष्कळदा बोललो आहे. पण भर पावसात, बॅटरीच्या उजेडात लावलेली अर्थिंगची एक क्लिप आणि एक पत्र्याची पाटी यांच्या भरवशावर खांबावर माणूस होता, आणि ज्या हाताने ती मूठ धरली तो हात तिथे असायलाच नको होता. तिथे माझा हात असायला हवा होता. माझ्याकडून चूक झाली नसती असे मी म्हणत नाही. मी नवखा होतो, कदाचित पाटी लावायलाच विसरलो असतो. या ठिकाणी माझा विचार दर वेळी अडतो.

मेमो आला तेव्हा खुलाशात मी "घरगुती अडचणीमुळे" असे लिहिले. अण्णांनी तो खुलासा वाचला, "तारीख टाक" एवढेच म्हणाले आणि परत दिला. 3.20 च्या खाडाखोडीबद्दल वरून कोणी विचारले नाही. वरचे लोक लॉगशीट पाहतात ते युनिटची बेरीज जुळते की नाही एवढ्यासाठीच. आयसोलेटरची पाती त्यानंतर वीस दिवसांनी दुरुस्त झाली.

दोन दिवसांनी तोच लाईनमन दुसऱ्या कामासाठी परमिट घ्यायला माझ्या पाळीत आला. मी ब्रेकर ऑफ केला, पाटी अडकवली आणि दोरीला दुसरी गाठ मारली. तो सही करता करता म्हणाला, "कानबाईला गावाला गेले होते ना दादा? झाले का रोट?"

मी हो म्हणालो.

"आमच्याकडेही होती. पण मी आपला खांबावर. पोरानं माझ्या नावानं मूठ टाकली," असे म्हणून त्याने पेन माझ्याकडे दिले. पुढच्या वर्षी त्याची यावलकडे बदली झाली. 3.20 ची गोष्ट मी त्याला त्या दिवशी सांगितली नाही, आणि नंतरही कधी सांगितली नाही.