तुम्ही विचारलंत म्हणून: आय-४० सोडून सेलिगमनवरून कशाला जायचं?

आम्ही ॲरिझोनात राहतो, त्यामुळे भारतातून कोणी ग्रँड कॅन्यन-व्हेगस करणार असेल की प्लॅन आधी माझ्याकडे येतो, आणि मी सगळ्यांना एकच सांगते की सेलिगमन ह्या छोट्या गावाला आय-४० (इंटरस्टेट ४०, म्हणजे आताचा मोठा हायवे) सोडा आणि रूट ६६ ह्या जुन्या हायवेने किंगमन शहर गाठा. त्यावर हमखास विचारतात, अहो पण तिकडे बघण्यासारखं काय आहे? हायवेने ७० मैल, इकडून ८७च्या आसपास, मग वळसा कशाला?

तर ऐका. रूट ६६ १९२६चा, शिकागोपासून पार लॉस एंजेलिसपर्यंत, आणि मधली कितीतरी गावं त्याच्याच जिवावर होती, पेट्रोल, मोटेल, जेवण, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांचंच. २२ सप्टेंबर १९७८ला सेलिगमनच्या बाजूने आय-४० सुरू झाला आणि मेन रोडवरची वर्दळ त्याच दिवशी थांबली. हळूहळू वगैरे काही नाही, एका दिवसात! १९८५मध्ये तर रूट ६६ हायवेंच्या यादीतूनच काढला आणि त्याच वर्षी सांता फे रेल्वेनेही गावातलं काम गुंडाळलं.

एवढं झाल्यावर गाव संपायचंच. पण तिथले एंजल डेल्गाडिलो, धंद्याने न्हावी, त्यांनी १९८७मध्ये आजूबाजूच्या लोकांना जमवून संघटना काढली, राज्य सरकारच्या मागे लागले आणि सेलिगमन-किंगमन रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. पुढे इतर राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे. त्यांच्या दुकानात ती सलूनची खुर्ची बघा, भिंतींवर जगभरच्या लोकांनी लावलेली कार्डं बघा. जवळच त्यांचे भाऊ हुआन यांनी १९५३मध्ये रेल्वेच्या भंगार लाकडातून उभं केलेलं स्नो कॅप हे खाण्याचं ठिकाण आहे, त्याच्या दाराला दोन मुठी, एकच खरी, मुलं तिथेच खूश होतात.

पुढे मात्र सगळ्यांचं नशीब असं नाही. ट्रक्स्टनला मोटेलची उंच पाटी दिसते आणि आजूबाजूला शुकशुकाट, बघून पोटात कालवतं. पीच स्प्रिंग्ज हे हुआलापाई ह्या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचं मुख्य गाव, हायवेच्या कितीतरी आधीपासून हे लोक ह्या भागात आहेत, त्यामुळे तिथे लोकांच्या घरांचे फोटो काढत फिरू नका प्लीज. हॅकबेरीच्या जनरल स्टोअरला जुने पेट्रोल पंप ठेवलेत, तिथे हवे तेवढे काढा.

आणि एक, नुसते फोटो काढून सुटू नका. बरेच जण गाडीतला चिवडा-ठेपले खाऊन पाच मिनिटांत निघतात, मला ते खरंच खटकतं. ही गावं गिऱ्हाईक थांबलं तरच चालतात, तेव्हा सेलिगमनला जेवा, पेट्रोलही तिथेच भरा, हॅकबेरीला काहीतरी विकत घ्या. दुपारी निघालात तरी अंधार पडायच्या आत किंगमनला आरामात पोचता, आणि ठेपले काय, व्हेगसलाही खाता येतील.