बीट मध्येच बंद का पडते?

मी रॅपसाठी बीट बनवतो, म्हणजे रॅपरच्या बोलांमागे वाजणारं ताल-संगीत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बंद पडत नाही, मी बंद करतो.

हा प्रश्न मावशीने विचारून झाला, रेकॉर्डिंगला येणाऱ्या पोरांनी विचारून झाला. एकाने तर फाइल खराब आली म्हणून पैसे अडकवले. ‘बीट भारी आहे दादा, पण मध्येच बंद का पडते?’

हिशोब बघा. एक बार म्हणजे चार ठोके. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, दोन बारांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, साधारण सव्वापाच सेकंदांत संपतो. १६ बारांच्या व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, तो ८ वेळा येणार. तिसऱ्या फेरीला कानाला पाठ झालेला असतो. म्हणून आठव्या बारच्या शेवटी मी किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, काढतो, नवव्याला ती परत येते तेव्हा अंगावर येते. दुसऱ्या व्हर्सला सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) भिंतीपलीकडून यावं तसं बोदं करतो. नुसती बेस काढून भागत नाही, कारण लोकलमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर ती मुळातच ऐकू येत नाही. हाय-हॅट, ती झांजेची टिकटिक, काढली तर कळतं. नवी वाद्यं भरणं सोपं आहे हो, पण मग रॅपरने तोंड कुठे उघडायचं? पोवाड्यात शाहीर दम घेतो तेव्हा झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात, तो बोलू लागला की गप्प. त्यांना कुणी विचारत नाही, बंद का पडलात म्हणून.

हे झालं पाठ केलेलं उत्तर. भांडुपचं मी सहसा सांगत नाही.

गणपतीचे दिवस, टेंभीपाड्याकडचा मांडव. माझा मित्र पहिल्यांदाच स्वतःच्या गल्लीत रॅप करणार होता. बीट माझी. महिनाभर त्याने त्याच फाइलवर घोकलं होतं. आदल्या रात्री घरचे झोपल्यावर मी हेडफोन लावून बसलो आणि तेराव्या बारला मला ती ओळ नव्याने ऐकू आली: ‘डबा परत आणायचे बाबा, म्हणायचे आज भूक नव्हती.’ या ओळीखाली किक कशाला? स्नेअरचा कडक ठोका तरी कशाला? दोन बार सगळं म्यूट केलं. नुसता आवाज. अंगावर काटा आला. अडीच वाजता एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर टाकलं. त्याला सांगितलं नाही. ऐकेल आणि खूश होईल, असं वाटलं.

स्टेजवर तो ‘डबा परत आणायचे बाबा’ इथपर्यंत आला आणि थांबला. पायाखालचं काढून घेतल्यासारखा. साउंडवाल्याकडे बघितलं, साउंडवाल्याने दोन्ही हात वर केले. पुढच्या खुर्चीवरचे एक काका मोठ्याने म्हणाले, ‘गेला वाटतं जनरेटर.’ लोक हसले. दोन बार म्हणजे तेवढीच सव्वापाच सेकंदं, पण मांडवात ती केवढी असतात ते मला तेव्हा कळलं. मग किक आली, तो गडबडीत शिरला तो अर्धा बार पुढे, आणि हूक, म्हणजे धृपद, येईपर्यंत तसाच धावत राहिला. त्याचे बाबा प्रसादाच्या टेबलापाशी उभे होते. ‘आज भूक नव्हती’ हे त्यांनी ऐकलंच नाही.

खाली उतरून तो एवढंच म्हणाला, ‘सांगायचं होतंस ना भावा.’

मी काय करावं? रात्रभर त्याला मेसेजवर पटवत बसलो. श्रोता कंटाळतो, दर आठ बारांना काहीतरी हललंच पाहिजे, वगैरे. त्याचं उत्तर आलं: ‘हर्कने काय केलं मग?’ मुद्दा बिनतोड होता. १९७३ साली ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून एकच ब्रेक, म्हणजे गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, पुन्हा पुन्हा फिरवला, कारण नाचणाऱ्यांना तोच तुकडा संपायला नको होता. हिप-हॉपचा जन्मच मुळी ‘तेच परत लाव’मधून झाला. मी उलट लिहिलं की तो तुकडा मागे-पुढे कधी न्यायचा हे हर्कच ठरवत होता ना. पाठवलं नाही.

त्या रात्रीच्या माझ्याशी मी अजून भांडतो. श्रोता कंटाळला, हे त्याला कुणी सांगितलं? आदल्या रात्री तो लूप दोनशे वेळा ऐकून कंटाळला होता तो स्वतः. मांडवातले लोक तर पहिल्यांदाच ऐकणार होते. पण हेही खरं, की ती दोन बारांची शांतता चांगलीच होती. आजही ती फाइल लावतो तेव्हा त्या जागी काटा येतो. जागा बरोबर होती, असं मला अजून वाटतं.

मित्र आता दुसऱ्याच्या बीटवर रॅप करतो. तीन मिनिटं एकच लूप, हाय-हॅटसुद्धा जागची हलत नाही. कुठे कंटाळा येतो ते शोधायला मी ते ११ वेळा ऐकलं. सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी अजूनही काढतोच. फक्त आता फाइलबरोबर लिहून पाठवतो: अमक्या बारला किक नाही, तमक्याला काहीच नाही, घाबरू नकोस. परवा कुर्ल्याच्या एका पोराने ते वाचूनही फोन केला. ‘दादा, ते मध्ये बंद पडतं तेवढं नीट करून द्या ना.’ मी सगळं भरून दुसरी फाइल केली आणि दोन्ही पाठवल्या. कुठली घेतली ते विचारलेलं नाही.